वाचनालयाच्या संगणकावर लिनक्सचं सेशन आपोआप बंद पडतंय : प्रकल्प नोंदी

यंत्र: चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. उबुंटू २२.०४ हे लिनक्स, वर एक्सएफसीई डेस्कटॉप आणि लॉगिनसाठी लाइटडीएम. ठिकाण: खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूचं एक गाव, तिथलं मराठी वाचनालय. आज्ञांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत करायची. सेशन म्हणजे लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंत उघडं असलेलं सगळं काम.

२ जुलै २०२३, रविवार

ग्रंथपाल ताईंचे आठवडाभर फोन येत होते. काम चालू असताना पडदा काळा होतो आणि थेट लॉगिनचा पडदा समोर येतो. पासवर्ड टाकून आत गेलं की कोरा डेस्कटॉप, उघडं होतं ते सगळं गेलेलं. ना सूचना, ना खिडकी.

इथे नुसता वेळ जात नाही म्हणून हे तातडीचं. वाचनालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्या स्कॅन करायचं काम सुरू आहे. सगळ्यात जुनी वही बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाची, म्हणजे १९५६ च्या आधीची. टाकाने लिहिलेली, मधूनमधून तांबड्या शाईच्या खुणा, कडा तपकिरी पडून कागद पापडासारखा झालेला. असं पान काचेवर एकदा पालथं घालावं आणि हलक्या हाताने उचलावं. दुसऱ्यांदा घातलं की कोपऱ्याचा तुकडा काचेवरच राहतो. त्यात वही फुलस्केप आणि स्कॅनरची काच ए-फोर, म्हणून एकेक पान वरचा भाग आणि खालचा भाग असं दोनदा घ्यावं लागतं. हे काम करणारे निवृत्त गुरुजी म्हणाले, "बारा पानं झाली होती, सगळी गेली की ओ. परत वही पालथी घालायची म्हणजे जिवावर येतंय."

पहिली गोष्ट, जुनी वही कपाटात ठेवायला सांगितली. कारण सापडेपर्यंत नवीन वह्यांवरच काम करायचं.

सगळ्यांचा संशय विजेवर. पावसात या बाजूला लाइट सारखी डोळे मिचकावते आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली आहे. नवी बॅटरी आणायचं जवळजवळ ठरलंही होतं. ती घ्यायच्या आधी 'अपटाइम' (यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते सांगणारी आज्ञा) चालवून बघितलं. गुरुजींचं काम दुपारी गेलं होतं, पण यंत्र सकाळपासून अखंड चालू होतं. 'लास्ट -एक्स'ने दाखवलेल्या सुरू-बंदच्या यादीतही दुपारी रीबूट नाही. वीज गेली असती तर यंत्र मुळापासून सुरू झालं असतं. म्हणजे पडतंय ते फक्त सेशन, यंत्र नाही. बॅटरीचा खर्च वाचला.

टेबलावर एक वही ठेवली. सेशन गेलं की भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, काय काय उघडं होतं आणि शेवटचं काय दाबलं, एवढं लिहायचं.

९ जुलै

ताईंनी वही मन लावून लिहिली आहे. त्यातून दोन प्रकार दिसतात. कधी सगळं सेशन जातं, तर कधी फक्त फायरफॉक्स मिटतो आणि बाकीचं जागच्या जागी राहतं. मी हे दोन वेगळे बिघाड धरले आणि फायरफॉक्सचा बाजूला ठेवला.

वहीत "कन्नड लावताना गेलं" असंही एकाहून जास्त वेळा लिहिलेलं. गुरुजी पुस्तकांची नावं मराठीत भरतात आणि पंचायतीला जाणारी पत्रं कन्नडमध्ये करतात. दोन्हींना इनस्क्रिप्ट ही कळींची मांडणीच वापरतात, कारण त्यात दोन्ही लिप्यांचा 'क' एकाच कळीवर असतो आणि बोटांना वेगळं शिकवावं लागत नाही. भाषा बदलते ती आयबस या प्रोग्रॅममधून, म्हणून आयबसवर संशय गेला. बाकी सगळं बंद करून मराठी-कन्नड, कन्नड-मराठी असं बराच वेळ करत बसलो. काही झालं नाही. आयबस सुटला.

मग खात्याच्या होम फोल्डरमधली एक्ससेशन-एरर्स ही फाइल, सेशनमधल्या प्रोग्रॅमच्या तक्रारी जिच्यात लिहिल्या जातात ती. लाइटडीएमवर प्रत्येक लॉगिनला ती नव्याने सुरू होते आणि आधीची 'ओल्ड' शेपटी लावून बाजूला ठेवली जाते. सेशन गेल्यावर परत आत आलात तर 'ओल्ड'वाली वाचायची, नवीन नाही. तिच्यात तक्रारीची एकही ओळ नव्हती, मध्येच तुटल्यासारखी संपलेली. कोसळलेल्या प्रोग्रॅमचे अहवाल ठेवायचं 'व्हार क्रॅश' हे फोल्डरही रिकामं.

जर्नलनेही, म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदवहीनेही, आज हुलकावणी दिली. ताईंच्या खात्यातून जर्नलसीटीएल (जर्नल वाचायची आज्ञा) चालवलं तर अवाक्षर नाही. ते खातं साधं आहे, त्याला फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात, सिस्टिमच्या दिसत नाहीत. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून माझ्या खात्यातून पाहिलं तर वहीत लिहिलेल्या वेळेला जर्नलमध्ये काहीच घडलेलं नाही. पुढचा-मागचा अर्धा तास चाळला, तरी नाही. संध्याकाळची बस धरायला उठलो तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दिसलं. ते भिंतीवरच्या घड्याळाच्या काही तास मागे होतं.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. लाइट गेली की यंत्राचं घड्याळ थांबतं. परत सुरू झाल्यावर सिस्टिम डिस्कवर शेवटची जपून ठेवलेली वेळ उचलते आणि तिथून पुढे मोजायला लागते. इंटरनेट मिळालं की वेळ सरळ होते, पण इथे रेंज असेल तेव्हाच इंटरनेट. या घड्याळापायी दुपार वाया गेली. जुन्या यंत्राचा जर्नल वाचायला बसण्याआधी 'डेट' चालवून घड्याळ बघा.

१६ जुलै

नवा सेल बसवला, ३० रुपये. वेळ लावली आणि बिघाड मुद्दाम घडवायचा असं ठरवून बसलो. नवीन वही, स्कॅनर, गिंप हा चित्रं सुधारायचा प्रोग्रॅम उघडून त्यातून स्कॅन घेणारा एक्ससेन, बाजूला फायरफॉक्समध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जाची पानं. गुरुजींना म्हटलं, तुम्ही रोज करता तसंच करा, मी नुसता बघतो.

ते ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन घेतात, गिंपमध्ये पान सरळ करतात, कडा कापतात आणि पुढचं पान घेतात. सेव्ह सगळ्यांत शेवटी, एकदम. दुसऱ्या खिडकीत मी मेमरीचे आकडे दाखवणारं 'फ्री -एच' दर दोन सेकंदांनी चालत ठेवलं होतं. आकडे चढताना दिसत होते. आधी रॅम भरली, मग स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, भरू लागला. गुरुजींनी पुढचं पान कापायला घेतलं आणि पडदा काळा. लॉगिन.

आता जर्नलमध्ये ओळ त्याच मिनिटाला होती. सिस्टिमडी-ऊमडी या सेवेने लिहिलेली. मराठीत तिचा अर्थ असा: 'युजर-१००१ मधलं सेशन-४ डॉट स्कोप मारलं, कारण वापरलेली मेमरी आणि वापरलेला स्वॅप दोन्ही ९० टक्क्यांच्या वर गेले.'

म्हणजे काही कोसळत नव्हतं. मारलं जात होतं.

ऊमडी ही सेवा उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये २२.०४ पासून आपोआप येते. मेमरी संपत आली की यंत्र गोठायच्या आत एखादा गट संपवून जागा मोकळी करायची, हे तिचं काम. ती सिगकिल, म्हणजे ताबडतोब संपवायचा हुकूम, पाठवते. सिगकिल आल्यावर प्रोग्रॅमला सेव्ह करायला किंवा तक्रार लिहायला क्षणभरही मिळत नाही. एक्ससेशन-एरर्स मध्येच तुटलेली आणि क्रॅशचं फोल्डर रिकामं, ते यामुळे. प्रोग्रॅम स्वतःच्या दोषाने पडला असता तर तिथे अहवाल सापडला असता. कुठेच खूण नाही, हीच बाहेरून मारल्याची खूण होती.

आता एकाला मारताना सगळं का जातं? ऊमडी एकेकटा प्रोग्रॅम मारत नाही, सीग्रुप मारते, म्हणजे प्रोग्रॅमचा अख्खा गट. एक्सएफसीईमध्ये मेन्यूतून उघडलेले प्रोग्रॅम, पॅनेल आणि सेशनचा मुख्य प्रोग्रॅम सगळे एकाच सेशन-स्कोपमध्ये, जणू एकाच खोलीत, राहतात. स्वॅप सगळ्यांत जास्त गिंपने खाल्ला, पण दार बंद झालं ते अख्ख्या खोलीचं. फायरफॉक्स मात्र २२.०४ मध्ये स्नॅप, म्हणजे वेगळ्या पद्धतीने बांधलेला प्रोग्रॅम, आहे आणि स्नॅप स्वतःचा वेगळा स्कोप करून घेतो. ज्या दिवशी फायरफॉक्सचा स्वॅप जास्त, त्या दिवशी तो एकटा गेला. ज्या दिवशी गिंपचा जास्त, त्या दिवशी सेशन गेलं. मी दोन वेगळे म्हणून बाजूला ठेवलेले बिघाड एकच होते. कन्नडचा दोष नव्हताच. गुरुजी पत्राकडे वळायचे ते बरीच पानं घेऊन झाल्यावर, आणि तोवर मेमरी काठोकाठ आलेली असायची.

आकडेमोड लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरलं. ए-फोर काच ६०० डीपीआयवर म्हणजे सुमारे ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल. रंगीत असेल तर पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे एका स्कॅनला १०० एमबीच्या वर. पान सरळ केलं की आधीची प्रतही 'अनडू'साठी राहते. फुलस्केप पानाचे दोन भाग, म्हणजे हे सगळं दुप्पट. गिंपचा टाइल कॅशे, म्हणजे चित्रांसाठी तो रॅममध्ये घेतो ती जागा, या यंत्रावर रॅमच्या निम्मा लावलेला होता. ४ जीबीतून अंगच्या ग्राफिक्सचा वाटा जाऊन 'फ्री'मध्ये ३.७ दिसतात, त्यातले निम्मे गिंपचे. 'स्वॅपऑन --शो'ने सांगितलं की स्वॅप फक्त १ जीबी. ९० टक्के भरायला किती वेळ लागणार?

जाताना गुरुजींना एवढंच सांगितलं, प्रत्येक पानानंतर सेव्ह करून खिडकी बंद करायची, आणि स्कॅन करताना फायरफॉक्स उघडायचा नाही. त्यांना हे पटलं. अर्ज भरायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना अर्थातच पटलं नाही.

२३ जुलै

पाऊस एवढा की बस पोचायलाच दुपार झाली.

ऊमडी बंद करून टाका, मास्क करा (म्हणजे परत सुरूच होऊ देऊ नका), असा सल्ला सर्रास मिळतो. तो आधी करून बघितला. सेवा थांबवली आणि मागच्या रविवारचीच परीक्षा पुन्हा घेतली. सेशन पडलं नाही. पण यंत्र गोठलं. माउसचा बाण जागेवर, कॅप्स लॉकचा दिवा दाबल्यावर कितीतरी वेळाने लागतो, हार्ड डिस्कचा दिवा न विझता जळतो. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्वतःचा मेमरी-रक्षक कधीतरी जागा होतो, पण फिरत्या डिस्कवर तोवर माणूस धीर सोडतो आणि पॉवरचं बटण दाबून धरतो. ताईंनी तेच केलं असतं. ऊमडीने मारलं तर न सेव्ह केलेलं काम जातं, बटण दाबलं तर फाइल सिस्टिमही दुखावू शकते. सेवा परत चालू केली.

मग तीन कामं केली.

पहिलं, स्वॅप ४ जीबी. सगळे प्रोग्रॅम बंद करून स्वॅपऑफने स्वॅप बंद, जुनी स्वॅपफाइल काढली, डीडीने ४ जीबीची नवी, परवानगी ६००, एमकेस्वॅपने तयार, स्वॅपऑनने चालू. फाइलचं नाव तेच ठेवलं म्हणून एफएसटॅबमध्ये (यंत्र सुरू होताना वाचली जाणारी यादी) काही बदलावं लागलं नाही. प्रोग्रॅम उघडे ठेवून स्वॅपऑफ करू नका, स्वॅपमधलं सगळं रॅममध्ये ओतायला जातं आणि जागाच नसते.

दुसरं, गिंपला वेगळी खोली. त्याची डॉट-डेस्कटॉप फाइल (मेन्यूतून तो कसा उघडायचा ते सांगणारी) ताईंच्या खात्यातल्या 'लोकल शेअर ॲप्लिकेशन्स'मध्ये नक्कल केली आणि 'एक्झेक'च्या ओळीत गिंपच्या आधी 'सिस्टिमडी-रन --युजर --स्कोप' घातलं. आता मेन्यूतून उघडलेला गिंप स्वतःच्या स्कोपमध्ये जातो. गट दाखवणाऱ्या 'सिस्टिमडी-सीजीएलएस'च्या झाडात तो सेशनच्या बाहेर, ॲप-स्लाइसखाली दिसला तेव्हाच पुढे गेलो. ताण देऊन पाहिला. या वेळी गिंप गेला, डेस्कटॉप राहिला, शेजारी उघडं असलेलं कन्नड पत्र जसंच्या तसं. गिंपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइल कॅशेही १ जीबीवर आणला.

तिसरं काम माझ्या मते सगळ्यांत मोलाचं. गिंप एकटा मेला तरी त्यातली न सेव्ह केलेली पानं जाणारच, आणि जुन्या वहीला ते परवडत नाही. म्हणून स्कॅन आणि सफाई वेगळी केली. स्कॅन आता 'स्कॅनइमेज'च्या बॅच पद्धतीने, पानागणिक एंटर मागणाऱ्या पर्यायासकट, टिफ फाइलमध्ये. पान काचेवर, एंटर, फाइल डिस्कवर. पुढे सेशन जाऊ दे, लाइट जाऊ दे, घेतलेलं पान सुरक्षित. सफाई नंतर, एकेक फाइल उघडून.

रिझोल्यूशनबद्दल गुरुजींशी बसून बोललो. ६०० त्यांनी का धरलं होतं, तर "चांगल्यात चांगलं घ्यावं" म्हणून. टाकाची अक्षरं ३०० वरही स्वच्छ वाचता येतात. दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून त्यांनी स्वतः भिंगातून पाहिले, मग मान हलवली. रंग मात्र सोडायचा नाही. तांबड्या शाईची फुली म्हणजे पुस्तक गहाळ आणि काळी म्हणजे बाद. ग्रेमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात आणि वहीचा अर्थच जातो. तेव्हा जुन्या वह्या ३०० रंगीत, स्कॅनला साधारण २६ एमबी. नव्या, एकाच शाईच्या वह्या ३०० ग्रे, ९ एमबीच्या आत.

३० जुलै

बेळगावातून डीडीआर-थ्रीची ४ जीबीची वापरलेली पट्टी घेतली, ७०० रुपये. या बोर्डावर दोन खाचा आहेत आणि एक रिकामी होती. डेस्कटॉपची पट्टी लांब असते, लॅपटॉपची आखूड. दुकानात सांगताना तेवढं सांगा.

पट्टी बसली, यंत्र सुरू झालं, ८ जीबी दिसले. आनंद तासभर टिकला. लिबरऑफिस पडलं, पाठोपाठ फाइल मॅनेजर. या वेळी 'व्हार क्रॅश'मध्ये अहवाल होते आणि जर्नलमध्ये ऊमडीचं नाव नव्हतं. हे मारणं नव्हे, कोसळणं. मागचे रविवार या फरकावरच घालवले होते म्हणून लगेच ओळखता आलं.

मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावली. ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या, मेन्यूतला २२.०४ चा मेमटेस्ट जुन्या लेगसी बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रांवरच चालतो. हे यंत्र तसंच आहे. तुमचं यंत्र नव्या यूईएफआय पद्धतीचं असेल तर ६.०० किंवा पुढची आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या. चाचणी मध्यावर आली आणि लाइट गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. शेवटी यंत्र प्लॅस्टिकात गुंडाळून जांबोटीच्या बसने बेळगावला घरी आणलं. रात्री नवी पट्टी एकटी लावली, तर तांबड्या ओळींची रांग. जुनी एकटी लावली, स्वच्छ. दुकानदाराने काही न बोलता पट्टी बदलून दिली. बदललेली रात्रभर चालवली, एकही चूक नाही. दोन्ही एकत्र लावूनही नाही.

६ ऑगस्ट

यंत्र घरी आहे तोवर अपडेट उरकले. २०२२ मध्ये पेनड्राइव्हवरून टाकल्यापासून याला अपडेट मिळालेलेच नव्हते. गावात फोनच्या हॉटस्पॉटवर एवढं उतरवणं शक्य नव्हतं.

अपडेटचा या बिघाडाशी थेट संबंध निघाला. २२.०४ आली तेव्हा ऊमडीला स्वॅप भरला की मारायची मुभा होती. १ जीबी स्वॅपच्या यंत्रांवर ती फार लवकर हात उचलते अशा तक्रारी झाल्यावर उबुंटूने अपडेटमधून तो नियम काढला. मेमरीच्या दाबावरचा (मेमरीची वाट बघत प्रोग्रॅम किती वेळ अडकतात त्यावरचा) नियम राहिला: युजरच्या सेवेवरचा दाब ५० टक्क्यांच्या वर सलग २० सेकंद राहिला तर मारायचं. आपलं यंत्र पहिल्या दिवसाच्या नियमावर अडकलेलं होतं. नुसता अपडेट केला असता तर सेशन पडायचं थांबलं असतं, पण यंत्र गोठायला लागलं असतं, २३ जुलैला पाहिलं तसं. म्हणून रॅम, मोठा स्वॅप आणि स्कॅनची नवी पद्धत यांतलं काहीच मागे घेतलेलं नाही.

२० ऑगस्ट

यंत्र जागेवर आहे. टेबलावरच्या वहीत सेशन गेल्याची नवीन नोंद नाही. एकदा फायरफॉक्स मिटला, पण तो एका मुलाने स्वतः बंद केला होता, ताईंनी तसं इमानदारीने लिहून ठेवलंय. गुरुजींनी जुनी वही कपाटातून काढली आहे आणि मधल्या पानांपर्यंत आले आहेत. प्रत्येक पानाला एंटर, मग फोल्डरमध्ये फाइल आली का बघायचं, मगच पान उलटायचं, असा त्यांनी स्वतःच शिरस्ता लावून घेतला आहे.

एकूण खर्च ७३० रुपये. सगळ्यांत जास्त वेळ घड्याळाच्या सेलने आणि मेमटेस्टमध्ये गेलेल्या लाइटने खाल्ला.

सीमाभागातल्या आणखी एका वाचनालयात असंच ४ जीबीचं यंत्र आहे, तिथूनही फोन आला. त्यांच्यासाठी क्रम असा. आधी अपटाइम. मग घड्याळ. मग सुडो लावून जर्नलसीटीएल आणि त्यात ऊमडीचं नाव. नाव सापडलं तर ऊमडीची स्थिती दाखवणारं 'ऊमसीटीएल' चालवा. त्यात 'स्वॅप मॉनिटर्ड' या मथळ्याखाली नुसती तिरपी रेघ, म्हणजे मुळाचा गट, दिसला तर तुमच्याकडे स्वॅपचा जुना नियम अजून चालू आहे. तो मथळा रिकामा असेल तर 'मेमरी प्रेशर मॉनिटर्ड'खाली काय आहे ते वाचून मला कळवा. नाव सापडलंच नाही आणि 'व्हार क्रॅश'मध्ये अहवाल असतील, तर रॅम विकत घेण्याआधी असलेली रॅम मेमटेस्टवर तपासा, आणि ते काम लाइट टिकेल अशा ठिकाणी करा.